वाटे घालणारा गणू

किन्हवलीच्या पुढे डोंगराच्या पायथ्याला उंबरखोर नावाचं गाव आहे. या गावाला भांडायला कारण लागत नसे. बांध सरकला म्हणून भांडण, कोंबडीनं शेजारच्या परसात अंडं घातलं म्हणून भांडण. एका लग्नात मामाला टोपी आधी दिली की टॉवेल आधी, यावरून तर दोन घरं वर्षभर एकमेकांच्या दारावरून तोंड फिरवून जात होती. पण आखाडात गावदेवीचा बोकड कापला की हेच गाव देवळामागच्या चिंचेखाली उकिडवं बसून गपगुमान वाट बघायचं. त्या बोकडावरून म्हणून कधी चकमक झाली नाही. याचं सगळं श्रेय गणूला.

गणू वाटे घालायचा. वरच्या वाडीतला वाळू सकाळीच सागाच्या पानांचा भारा आणून टाकायचा. गावात जितक्या चुली तितकी पानं गणू ओळीनं अंथरायचा आणि प्रत्येक पानावर थोडं काळीज, थोडी वजडी, एखादी नळी, चरबीचा तुकडा, हाडाचं, बिनहाडाचं, असं सगळ्यातलं सगळं ठेवत जायचा. एक फेरी झाली की मागे सरकून, डोळे बारीक करून ओळ न्याहाळायची. मग कुठल्या तरी पानावरचा एवढासा तुकडा उचलून दुसऱ्या पानावर ठेवायचा आणि परत मागे सरकायचं. बघणाऱ्यांच्या पोटात कावळे ओरडत असायचे.

"गणू, बोकड हाय रे, सोनं नाय!" असं कोणी ओरडलं की तो मान न वळवता म्हणायचा, "सोन्यात नळी नसते."

वाटे झाले की सकुबाई ओळीकडे पाठ करून उभी राहायची. गावातली सगळ्यात म्हातारी आणि सगळ्यात तोंडाळ बाई, पण प्रत्येक घराचं नाव तिला तोंडपाठ. गणू एका पानाकडे बोट दाखवून विचारायचा, "हा कोणाचा?" सकुबाई मागे न बघता एका घराचं नाव घ्यायची, की ते पान त्या घराचं. नाव घेणारीला पान दिसत नाही, मग बोलणार कोणाला? आणि त्याहून मोठा नियम असा, की वाटे घालणाऱ्यानं सगळ्यात शेवटी उरेल तेच पान उचलायचं. एखादा वाटा मुद्दाम बारीक केला तर तोच आपल्या पदरात यायचा. गणूच्या हातातलं शेवटचं पान बघायची गावाला सवयच होती. ते इतरांएवढंच दिसलं की माणसं समाधानानं उठून घरी जायची.

माणूस दिसायला अगदीच साधा. भाताची थोडीशी शेती, दिवाळीनंतर डोंगरावरचं गवत कापून वखारीला घालायचं, आणि म्हसा गावच्या जत्रेतून आणलेला एक सुरा, ज्याला तो बायकोपेक्षा जास्त जपतो असं त्याची बायको शकू चारचौघांत सांगायची. पण वाट्याचं वेड त्याच्या अंगातच होतं. दोन भावांनी वडिलांच्या फणसाच्या झाडावरून कोयते काढले, तेव्हा याला बोलावलं होतं. खालच्या फांद्या एकाच्या, वरच्या दुसऱ्याच्या, असं पंचांचं ठरत आलं होतं. गणू झाडाभोवती फिरला आणि म्हणाला, "फणस फांदीनं नाय वाटायचा. वरसानं वाटायचा. एका वरसाला तुझा, एका वरसाला त्याचा." कोयते परत खुंटीला गेले.

घरातही हेच. लेक नम्रता आणि तिचा धाकटा भाऊ यांच्यात गुळाचा खडा वाटायचा असला, तर फोडेल त्यानं उरलेला तुकडा घ्यायचा. त्यामुळे नम्रता चार वर्षांची असल्यापासून जीभ बाहेर काढून, दगडानं अगदी मधोमध गूळ फोडायला शिकली होती. पोरगी बापावर गेली म्हणून गणूला केवढा आनंद. पुढं हाच आनंद आपल्याला महागात पडणार आहे, हे त्याला तेव्हा कोण सांगणार?

एकोणीसशे नव्व्याण्णवच्या उन्हाळ्यात गावच्या शाळेत एक सायकल आली. आदल्या वर्षी धबधबा बघायला आलेल्या मुंबईच्या कुठल्याशा मंडळानं ती पाठवली होती. निळी, मुलींची, पुढे तारेची टोपली, आणि सीटवरचा प्लास्टिकचा कागद अजून काढलेला नव्हता. मंडळाचा निरोप एवढाच होता, की सातवी पास झालेल्या गरजू मुलीला ती द्यावी.

गावची शाळा सातवीपर्यंत. पुढचं हायस्कूल किन्हवलीला, आणि वाटेत खिंड. एसटी यायची, पण ती तिच्या मनात आलं तर. त्यामुळे सातवी झाली की मुली लावणीला आणि गवताला जायच्या, आणि दोन-तीन वर्षांत त्यांच्या लग्नाची पत्रिका गुरुजींच्या हातात पडायची. त्या वर्षी सातवीत तिघीच होत्या आणि तिघीही पास होणार होत्या. एक नम्रता. दुसरी रेश्मा, पोलीस पाटलांची पुतणी. तिचे वडील वारले होते आणि ती काकांच्या घरात राहायची. तिसरी दिपिका, पानं आणणाऱ्या वाळूची मुलगी. वरच्या वाडीतून टेकडी उतरून रोज शाळेत येणारी ती एकटीच होती.

तिन्ही घरांत एकच बोलणं चाललं होतं. शकूनं तर स्पष्टच सांगून टाकलं, "खिंडीतून एकटी पोर चालत जानार नाय. सायकल असली तर भुर्रकन निघून जाईल. सायकल मिळाली तर आठवी, नाय तर नाय." नम्रतानं त्या दिवसापासून देवघरातल्या सगळ्या देवांना कामाला लावलं.

गुरुजींची झोप उडाली होती. कोणालाही सायकल दिली तरी दोन घरं जन्माची वैरी होणार. शेवटी निकालाच्या दिवशी, एक मे रोजी, झेंडावंदन झाल्यावर त्यांना देवळामागची चिंच आठवली आणि ते एकदम हलके झाले.

"गणू, तुझा वाटा या गावात कोणी नाकारत नाही. संध्याकाळी विचार कर आणि उद्या सकाळी तूच हे काढ. तीन टोपल्या, एकीखाली सायकलची चावी. सकुबाई पाठ करून उभी राहील, तू बोट दाखव."

"गुरुजी, माझी पोर हाय त्यात."

"म्हणूनच तर! वाटे घालणाऱ्याला शेवटी उरेल ते. तू चावी ठेव, बोट दाखव, आणि शेवटची टोपली नम्रताची. तुझ्यावर संशय घेणार कोण?"

पोलीस पाटलांनी मान डोलावली. वाळू म्हणाला, "गणूदादा करील ते बराबर." सकुबाई म्हणाली, "मी आंगोळ करून येते." असा मान मिळाल्यावर गणूची छाती फुगली आणि तो हो म्हणून बसला. सगळ्या गावाची मिळून एक चूक झाली होती, आणि ती एकाच्याही ध्यानात आली नव्हती.

ध्यानात आली ती शकूच्या. संध्याकाळी भाकऱ्या थापता थापता तिनं गणूकडून सगळं ऐकलं, आणि तिचा हात थांबला. तिनं तीन पातेली जमिनीवर उपडी घातली आणि एका पातेल्याखाली लसणाची पाकळी ठेवली.

"ही चावी. ठेवली कोनी? तुमी. मंग तुमाला ठावं हाय ना कुटं हाय ती? आता दाखवा बोट."

गणूनं पहिल्या रिकाम्या पातेल्याकडे बोट दाखवलं. "ही रेश्माची," शकू म्हणाली. त्यानं दुसऱ्या रिकाम्या पातेल्याकडे दाखवलं. "ही दिपिकाची. आता उरलं काय?" तिनं तिसरं पातेलं उचललं आणि लसणाची पाकळी गणूच्या नाकासमोर धरली. "ही आपली! अवो, सायकल आपलीच हाय. कोनी चोरी केली नाय, कोनी खोटं बोललं नाय. गावानंच तसं ठरवलंय!"

ती एवढी खूश झाली की तिनं त्या दिवशी गणूच्या भाकरीवर लोण्याचा गोळा ठेवला. गणूनं मात्र ती भाकर तशीच बाजूला सरकवली. दोन रिकाम्या टोपल्यांकडे बोट दाखवलं की सायकल आपल्या घरात. ते नको म्हणून मुद्दाम चावीच्या टोपलीकडे आधी बोट दाखवावं, तर आपल्याच हातानं आपल्या पोरीची शाळा बंद. बोट कुठंही दाखवलं तरी कोणाचं तरी तो ओरबाडून घेणारच होता. गुरुजींना चावी लपवायला सांगावं हेही त्याच्या मनात आलं. मग लबाडी उरली नसती, पण दोन पोरी घरी बसल्या असत्या त्या बसल्याच असत्या. ज्या नियमानं त्याला इतकी वर्षं सरळ ठेवलं होतं, तोच आता त्याला चोर करायला निघाला होता. असं कसं झालं, हे त्याला काही केल्या उमगेना.

नम्रता चुलीपाशी बसून हे सगळं बघत होती. तिनं हळूच विचारलं, "बाबा, उद्या मिळंल ना?" गणूनं तिच्याकडे पाहिलं. पोरीनं हातरुमालाला दोरा ओवून ठेवला होता. सायकलला बांधायचा, टोपली पुसायला.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या पडवीत गाव जमलं. सकुबाई अंघोळ करून, नवी चोळी घालून भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. तीन टोपल्या उपड्या घातल्या होत्या. गुरुजींनी गणूच्या हातात चावी दिली आणि लोकांना तोंडं फिरवायला सांगितलं. लोकांनी तोंडं फिरवली.

"झालं का रे?" सकुबाई भिंतीला म्हणाली. "माझे पाय दुखाय लागले."

"सकुबाय," गणू म्हणाला, "इतकी वरसं मी वाटे घातले. एक तरी पान मी रिकामं अंथरलं काय?"

"नाय रे बाबा. खोटं कशाला बोलू?"

"मंग आज दोन टोपल्या रिकाम्या कशा ठेवू?"

लोकांनी वळून पाहिलं. गणू चावी मुठीत धरून तसाच उभा होता. तो म्हणाला, "वाटे सारखे असले तरच बोट दाखवायला अर्थ हाय. तिथं कोनाला कंचं पान आलं तरी काय बिघडत नाय. हितं एकीला सगळं आन् दोघींना टोपलीखालचा वारा. ह्याला वाटा म्हनत नायत. मी नाय बोट दाखवनार."

"मग सायकल कापतोस काय?" पोलीस पाटील म्हणाले, आणि पडवी हसली.

"कापतो," गणू म्हणाला. "गुरुजी, खडू द्या."

तो जमिनीवर बसला आणि खडूनं गाव ते किन्हवली असा रस्ता काढू लागला. गाव ते ओढा सपाटी. ओढा ते खिंड ऊन, एक झाड नाही. खिंडीपासून शाळेपर्यंत आधी चढ, मग उतार. तिन्ही तुकड्यांत तीन पोरी. एकीनं पायंडल मारायचं, एकीनं मागं बसायचं, तिसरीनं चालायचं, पण रिकाम्या हातानं, तिचं दप्तर पुढच्या टोपलीत. तुकडा संपला की बदली. सायकल चालणारीच्या चालीनं जाणार, पुढं पळणार नाही. त्यानं रेघा काढल्या, मागे सरकला, डोळे बारीक केले. मग ओढ्याची रेघ पायानं पुसून जरा पुढं सरकवली, कारण उन्हाचा तुकडा लांब झाला होता. लोक आता चिंचेखाली बसतात तसे उकिडवे बसले होते.

"खिंडीतून येकटी पोर नको, म्हनत होता ना?" तो शकूकडे न बघता म्हणाला. "येकटी नाय. तिघी."

मग त्यानं सकुबाईला परत भिंतीकडे तोंड करायला लावलं. "सकाळी सपाटीला पायंडल मारायचं. हा कोणाचा?" रेश्माचा. "उन्हातलं पायंडल. हा कोणाचा?" दिपिकाचा. उरला तो खिंडीचा चढ, सायकल ढकलत न्यायचा. तो वाटे घालणाऱ्याच्या पोरीचा.

गुरुजी खुशीत टाळ्या वाजवणार, एवढ्यात पोलीस पाटलांनी विचारलं, "आनि रातची सायकल कुटं ठेवायची? माझ्या पडवीला कुलूप हाय."

गणूनं खडूनं अजून एक रेघ मारली, गावातून वर टेकडीकडे. "वाडी लांब हाय. ह्या दोघी घरातून निघतात, तवा दिपिका अर्धी चालून झालेली असते. सायकल वाडीत झोपंल. सकाळी ती घेऊन उतरंल."

आता मात्र कुजबुज झाली. वाडीत सायकल गेली म्हणजे ती वाडीचीच झाली, असं कोणीतरी बोललंही. वाळूनं पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरली. "रातची कोन चालवनार हाय सायकल? तुमी?" असं पाटलांना विचारून गणूनं खडू गुरुजींना परत दिला. नम्रता तोवर उठून घरी निघून गेली होती. दोरा ओवलेला हातरुमाल तिनं पडवीतच टाकला होता.

त्यानंतर घरात काय झालं ते विचारू नका. शकू भांडी आपटत होती. "तीन पातेली मांडून दाखवली ह्या मानसाला! लसून फुकट गेला माझा!" नम्रता तर चार शब्दांच्यावर बोलेना. एकदा मात्र तिचा बांध फुटला. "रेश्माला काका हाय, दिपिकाला सायकल हाय. मला काय हाय? मला खिंड हाय!"  गणू गोठ्यात जाऊन उगाच बैलाला खरारा करत बसला. आपण बरोबर केलं याची त्याला खात्री होती, पण त्यानं काही पोरीचं तोंड बघवत नव्हतं.

गंमत अशी, की तिघींपैकी एकीलाही सायकल चालवता येत नव्हती. मे महिनाभर गावाबाहेरच्या माळावर जो काही तमाशा चालला, तो बघायला गुराखी गुरं सोडून यायचे. दिपिका पहिली शिकली. वाडीच्या उतारावरून ती सायकल सोडायची आणि पाय वर धरून ओरडत खाली यायची. थांबायचं मात्र तिला करवंदीच्या जाळीतच माहीत होतं. तिनं मग रेश्माला शिकवलं. नम्रता रागानं दोन दिवस लांब बसून राहिली. तिसऱ्या दिवशी दिपिका सायकल तिच्यापुढं उभी करून म्हणाली, "बस गो. मी मागून धरते. पडलीस तं माझ्या अंगावर पड." नम्रता बसली, आणि पडलीही तिच्याच अंगावर. दोघी धुळीत लोळत इतक्या हसल्या की राग विसरायला झालं.

जूनमध्ये तिघी हायस्कूलला जाऊ लागल्या. टोपलीत तीन दप्तरं, पावसात एकाच प्लास्टिकखाली दोन डोकी आणि बाजूनं तिसरी चिखल उडवत. किन्हवलीच्या पोरांनी त्यांना 'तीन शिटांची एसटी' असं नाव ठेवलं. रेश्मानं एका पोराला घंटी वाजवून थेट गटारात घातल्यावर नाव जरा आदरानं घेतलं जाऊ लागलं. पंक्चर काढायला वाळू शिकला, साखळीला तेल पाटलांच्या घरून येऊ लागलं. सायकलची निळाई उडाली, पण ती एक दिवस घरी बसली नाही.

नववीत असताना एकदा नम्रता घरी आली ती फुरंगटून. त्या दिवशी भूमितीची चाचणी होती, आणि उशिरा आलेल्याला आत न घेणारे सर होते. खिंडीपाशी दिपिकाच्या पायात बाभळीचा काटा मोडला. खिंडीपुढचं पायंडल नम्रताचं, मागं बसायची पाळी रेश्माची, चालायची दिपिकाची. रेश्मा म्हणाली, "चल गो, ती येईल मागून. आपन दोघी तरी वेळेत पोचू." नम्रतानं सायकल रेश्माच्या हातात दिली, दिपिकाला मागं बसवलं आणि स्वतः पळत निघाली. त्या दोघी पोचल्या. ती अर्धा तास वर्गाबाहेर उभी.

"मंग तू कशाला उतरलीस?" गणूनं विचारलं. "चालायचा वाटा तर दिपिकाचा होता."

"वाटा कोनाचा बी असू दे. काटा तिच्या पायात होता ना?" नम्रता फणकारून म्हणाली आणि हातपाय धुवायला गेली.

गणू भाकरी मोडता मोडता थांबला. आपण मघाशी जे विचारलं ते आपल्याला शोभलं नाही, असं त्याला वाटलं. शकू त्याच्याकडे बघून हसत होती. "गूळ नीट फोडायला शिकवलात, आता खावा," ती म्हणाली. तिनं त्या रात्री नम्रताच्या भाकरीवर लोण्याचा गोळा ठेवला.

तिघी दहावीत गेल्या, त्या वर्षीच्या आखाडात सकुबाईच्या गुडघ्यांनी संप केला. तिला खाट टाकून चिंचेखाली आणून बसवलं होतं. तिनं आल्या आल्या जाहीर केलं, "मला उभं राहवत नाय. नम्रताला उभी करा. तिला सगळी घरं ठावं हायत." नम्रता लाजत पुढं आली आणि ओळीकडे पाठ करून उभी राहिली. लेकीनं नाव घ्यायचं आणि आपण बोट दाखवायचं, म्हणून गणूला आभाळ ठेंगणं झालं. त्यानं जत्रेतला सुरा पुसला, शेवटचा तुकडा इकडचा तिकडं केला आणि पहिल्या पानाकडे बोट दाखवलं.

"हा कोणाचा?"

"वाळूकाकाचा," नम्रता म्हणाली.

चिंचेखालच्या सगळ्या माना वाळूकडे वळल्या. वाळू एरवी पानांचा भारा टाकून निघून जायचा. त्या दिवशी दिपिका बघायला थांबली होती, म्हणून तोही कडेला सायकल धरून उभा होता. त्यानं दचकून मान वर केली.

"अगो, वाडीचं पान नसतंय," सकुबाई खाटेवरून ओरडली. "गावातली नावं घे नीट."

नम्रतानं मागं वळून पाहिलं नाही. वळायचं नसतं, हा नियमच होता. "मला काय पानं दिसत नायत," ती म्हणाली. "बाबांनी इचारलं, मी सांगितलं."

गणूचं बोट हवेतच राहिलं होतं. तो दुसऱ्या पानाकडे वळला. हा कोणाचा, हा कोणाचा, असं करत ओळ संपत आली. पोलीस पाटलांचं पान झालं, सकुबाईचं झालं, फणसवाल्या दोन्ही भावांचं झालं. मग पानंच संपली. राहिलं होतं फक्त गणूचं घर, आणि त्याच्यापुढं नुसती सारवलेली जमीन.

"गेलं की रे गणू तुझं!" कोणीतरी म्हणालं. दोन-चार जण हसले. शकू मागून म्हणाली, "आता मी घरी काय सुरा शिजवू?"

गणू हसला नाही. तो त्या मोकळ्या जागेकडे बघत होता. मग त्यानं मान वर केली. "थांबा. कोनी पान उचलू नका. वाटे परत घालायचे."

"परत?" पोटात कावळे असलेली सगळी माणसं एकदम ओरडली. "कशाला परत? सारखे हायत की!"

"चुकले हायत. माझं गेलं म्हनून नाय." त्यानं ओळीकडे हात केला. "दोन वरसांमागं मी शाळेत सगळ्यांपुढं छाती पुढं काढून इचारलं, मी एक तरी पान रिकामं अंथरलं काय? सकुबाय म्हनाली नाय. मला लई बरं वाटलं. आरे, पन वाडीला तर मी पानच अंथरलं नव्हतं. आन् पानं आनली कोनी? त्यांनीच."

"बोकड गावच्या वर्गणीचा हाय," पाटील म्हणाले.

"आन् पानं कोनाच्या वर्गणीची? इतकी वरसं?"

पाटलांनी उत्तरासाठी इकडं तिकडं पाहिलं. शेजारी रेश्मा उभी होती, आणि ती काकांकडे अशी बघत होती की त्यांनी टोपी काढून परत घातली. "घाल बाबा परत," ते म्हणाले. "पन लवकर."

वाळू पुढं आला. "फुडल्या साली वर्गणी आमची बी," तो म्हणाला, आणि भाऱ्यातली राहिलेली पानं त्यानं गणूपुढं ठेवली. गणूनं सगळं मटण परत एका ढिगात ओढलं. उभ्या आयुष्यात त्यानं असं केलं नव्हतं. मग तो वाळूकडे वळला आणि जरा ओशाळून त्यानं विचारलं, "वाडीत चुली किती रे?" गावातल्या कोणत्या घरात कधी दुसरी चूल झाली तेसुद्धा सांगणाऱ्या गणूला हे विचारावं लागलं.

वाळूनं एकेक नाव घ्यायला सुरुवात केली. गणू एकेका नावाला एकेक पान अंथरत गेला. ओळ चिंचेच्या सावलीबाहेर गेली, देवळाच्या पायरीपर्यंत पोचली. प्रत्येक वाटा आता जरा लहान झाला होता आणि सकुबाईनं ते सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलंही. गणू मागे सरकला, डोळे बारीक केले, एक तुकडा इकडचा तिकडं केला. कोणी "सोनं नाय रे" म्हणून ओरडलं नाही.

नम्रता परत पाठ करून उभी राहिली. या वेळी तिनं पहिलं नाव कोणाचं घेतलं ते कोणाच्या ध्यानातही राहिलं नाही, कारण पानं सगळी सारखीच होती. शेवटी एक पान उरलं. गणूनं ते उचललं आणि सवयीनं लोकांना दाखवलं.